डोंगरावरच्या लाकडी हॉटेलातील आगीची घंटा



खेड्यात रात्री-अपरात्री आग लागली, तर ती कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडतेच. कोणी खळ्यावर राखणीला निजलेला असतो, कुणाची म्हैस व्यायला झालेली असते, एखाद्या म्हातारीला खोकल्यामुळे डोळ्याला डोळा लागत नसतो. कडबा जळाल्याचा वास आला, की एक आरोळी उठते आणि पाच मिनिटांत घागरी, बादल्या, ओली गोणपाटे घेऊन सारी आळी गोळा होते. शेजाऱ्याचे माजघर कुठे, बाळंतिणीची खोली कोणती, आतून कडी कशी निघते, हे सगळ्यांना ठाऊक असते. आत कोण राहिले, ते विचारावे लागत नाही.

आता याच्या अगदी उलट असे एक घर डोळ्यांपुढे आणा. तीनशेच्या वर खोल्या. प्रत्येक खोलीत परकी माणसे, आदल्या संध्याकाळी आलेली, सकाळी जाणारी. शेजारच्या खोलीत कोण आहे याचा पत्ता नाही, जिना कुठल्या बाजूला आहे तेही धड लक्षात नाही. सगळी दारे बंद आणि सगळी माणसे प्रवासाने दमून गाढ झोपलेली. आणि हे घर डोंगरात, गावापासून दूर, नखशिखांत लाकडाचे! अशा घरात आरोळी कोणी ठोकायची? ते काम तिथे एका यंत्राला दिलेले असते, आणि त्या यंत्राविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

हॉटेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. स्टँडाजवळचे चहा-भज्यांचे दुकान येते. मी सांगतो ते हॉटेल प्रवाशांनी मुक्कामाला उतरण्याचे. अमेरिकेत वायोमिंग राज्यात यलोस्टोन नावाचे मोठे राखीव रान आहे. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात म्हणून ते प्रसिद्ध. त्यांपैकी ‘ओल्ड फेथफुल’ नावाच्या फवाऱ्याजवळ, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर, ‘ओल्ड फेथफुल इन’ हे हॉटेल उभे आहे. रॉबर्ट रीमर नावाच्या तरुण वास्तुशिल्पकाने त्याचा आराखडा केला आणि १९०३-०४ च्या हिवाळ्यात, भर बर्फात, सुतार-गवंड्यांनी ते उभे केले. आसपासच्या रानातली सरळसोट पाइनची झाडे तोडून त्यांचे ओंडके एकावर एक रचले. वाकड्या फांद्याही टाकून दिल्या नाहीत. त्यांचे टेकू आणि कठड्यांच्या नक्षीचे तुकडे केले. आत शिरताच जो दिवाणखाना लागतो, त्याचे आढे जमिनीपासून सुमारे ७६ फूट उंच आहे. सात मजली इमारत आत बसेल म्हणा ना! एका बाजूला सुमारे पाचशे टन दगडाचे प्रचंड धुराडे, त्याच्या पायाशी शेकायच्या चुली. छपरावर कौले आहेत तीही लाकडाचीच, पातळ फळ्यांची. पुढे १९१३-१४ आणि १९२७-२८ साली दोन्ही बाजूंना ओवऱ्या वाढल्या आणि खोल्यांची संख्या सव्वातीनशेच्या घरात गेली.

सुकलेले, शंभर वर्षांचे लाकूड, उंच मोकळा दिवाणखाना आणि मध्ये पेटती चूल. आपल्यापैकी ज्यांनी जुना वाडा पाहिला आहे, त्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली पेटला तो सात दिवस जळत होता म्हणतात. आज तिथे तट, बुरूज, दरवाजे नि जोती दिसतात. लाकडाचे जे वैभव होते, ते सगळे गेले.

या हॉटेलावरही पाळी येता येता राहिली. १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोनच्या रानात ठिकठिकाणी वणवे लागले होते. त्यांतला एक २२ जुलैला, उद्यानाच्या हद्दीबाहेर, लाकूडतोड्यांपैकी कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने लागला. दीड महिना तो धुमसत, पसरत राहिला आणि ७ सप्टेंबरला सोसाट्याच्या वाऱ्यावर बसून हॉटेलाच्या अंगणापर्यंत आला. मुक्कामाच्या पाहुण्यांना बाहेर काढण्यात आले होते. आदल्याच वर्षी, १९८७ साली, छपरावर पाण्याचे फवारे मारणारे नळ बसवले होते, ते सोडण्यात आले. लाकडी कौले भिजत राहिली, उडून आलेले निखारे त्यांवर विझत राहिले, आगीचे बंब झगडत होते आणि अखेरीस वाऱ्यानेही थोडे तोंड फिरवले. आसपासच्या काही लहान इमारती जळाल्या, हॉटेल वाचले. नळ जर ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणून राहिले असते, तर आज मी त्या हॉटेलाचे वर्णन ‘होते’ असे केले असते.

‘होते’ असे म्हणण्याची पाळी दुसऱ्या एकावर आलीच. ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या उत्तर काठावर, ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यन लॉज नावाचे असेच ख्यातनाम हॉटेल होते. १९२८ साली बांधून झाले, आणि चार वर्षांत, सप्टेंबर १९३२ मध्ये, आगीत गेले. ती आग घरातलीच होती, मुदपाकखान्यातून निघालेली. १९३७ पर्यंत पुन्हा उभे केले. मग जुलै २०२५ मध्ये विजेने लागलेला वणवा आला आणि दुसऱ्यांदा सारे जळून गेले. माणसे आधीच बाहेर नेलेली असल्यामुळे ती वाचली. घर मात्र वाचले नाही.

तेव्हा वणव्याची गोष्ट निराळी. तो लांबून दिसतो, दिवस-दोन दिवस आधी कळतो. खरी काळजी असते आतल्या आगीची, रात्री दोन वाजता माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात गुपचूप सुरू होणाऱ्या आगीची. आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळा स्पर्शही करीत नाहीत. धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यांचा जीव घेतो. या वायूला वास नाही. आणि धुराला वास असला, तरी झोपलेल्या माणसाचे नाक त्याला उठवीत नाही. झोपेत कान जागा राहतो, नाक राहत नाही. म्हणून घंटा.

पूर्वी मोठ्या हॉटेलांतून रात्रीचा पहारेकरी फिरत असे. तो मध्येच कोपऱ्यात बसून डुलकी काढील, ही मालकाला शंका! म्हणून त्याच्या गळ्यात एक घड्याळ अडकवीत. प्रत्येक मजल्याच्या टोकाला साखळीने बांधलेली एक किल्ली असे. ती घड्याळात घालून फिरवली की आतल्या कागदावर खूण उमटे आणि सकाळी कळे, पहारेकरी कोणत्या वेळी कुठे होता ते. युक्ती चांगली, पण पहारेकरी तिसऱ्या मजल्यावर असताना आग पहिल्या मजल्यावर लागली तर काय करायचे, याला उत्तर नव्हते.

यंत्राला धूर कसा कळतो, हे शिक्षक मंडळींना वर्गात दाखवता येण्याजोगे आहे. सकाळी खोलीची दारे लावून घ्यावी. फटीतून उन्हाचा कवडसा येतो ना, तो बाजूने पाहावा. स्वच्छ हवेत तो जवळजवळ दिसतच नाही. आता त्यात उदबत्तीचा धूर सोडा. कवडसा एकदम पांढरा, भरीव दिसू लागतो, कारण धुराचे कण उजेड चहूकडे फेकतात नि तो आपल्या डोळ्यांत येतो. हॉटेलाच्या छताला वाटीएवढी जी पांढरी डबी असते, तिच्या पोटात हेच असते. एक काळोखी कोठडी, तीत एक बारीक उजेडाचा झोत आणि झोताच्या वाटेतून बाजूला बसवलेला एक विजेचा डोळा. एरवी त्या डोळ्याला काही दिसत नाही. धूर शिरला की उजेड विखरतो, डोळ्याला ‘दिसते’ आणि घंटा होते. धुमसणाऱ्या आगीसाठी ही डबी फार उपयोगी.

दुसरी तऱ्हा जरा गमतीची आहे. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर येगर नावाचे पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखण्याचे यंत्र करीत होते. वायू सोडला तरी यंत्राचा काटा हलेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, तो काटा हलला! वायू नाही, पण धूर यंत्राला कळला होता. त्या वाटेने पुढे निघालेल्या डबीत अमेरिसियम नावाच्या किरणोत्सारी धातूचा कणभर अंश असतो. त्याच्या योगाने दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी सूक्ष्म वीज वाहते. धुराचे कण मध्ये आले की ती वीज मंदावते, आणि तेवढ्यावरून डबी ओळखते.

स्वयंपाकघरात मात्र या दोहोंचा उपयोग नाही. फोडणी दिली की घंटा होईल! तिथे उष्णतेवर चालणारे यंत्र लावतात. ते साधारण ५७ अंश सेल्सिअसला, किंवा उष्णता झपाट्याने चढू लागली तर त्याआधीच, इशारा देते.

आता त्या ७६ फूट उंच दिवाणखान्याचे पाहा. डबी आढ्याला लावली की झाले, असे वाटेल. होत नाही. देवळाच्या उंच घुमटाखाली उदबत्ती लावून बघा. धूर सरळ वर जातो, जाता जाता गार होतो आणि मध्येच एका पातळीवर थबकून आडवा पसरतो. थंडीत चुलीचा धूर गावावर पांढऱ्या चादरीसारखा तरंगतो, तसाच. आढ्याला लावलेली डबी वरती स्वच्छ हवेत निवांत बसलेली आणि खाली माणसे गुदमरलेली, असे होऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी एका भिंतीवरून समोरच्या भिंतीपर्यंत अदृश्य किरणांचा झोत सोडतात. मध्ये धूर आडवा आला की झोत क्षीण होतो. आणखी एक उपाय म्हणजे बारीक भोके पाडलेली नळी. ती तुळईच्या मागे दडवतात, दूर कुठे तरी तिला एक छोटा पंखा जोडतात, तो सतत हवा ओढत राहतो आणि ओढलेली हवा तपासली जाते. पाहुण्याला वर पाहिले तर फक्त लाकूड दिसते.

हे दडवणे जुन्या इमारतीत फार महत्त्वाचे ठरते. नव्या इमारतीत भिंतीत नळी टाकून तारा ओढता येतात. इथे भिंत म्हणजे अख्खा ओंडका, आणि तोही इतिहासाचा ठेवा म्हणून कायद्याने जपलेला. त्याला भोक पाडायचे तर आधी परवानगी. पांढऱ्या डब्या, लाल पेट्या, प्लॅस्टिकच्या नळ्या जागोजाग ठोकल्या, तर माणसे जे पाहायला येतात तेच विद्रूप होते. म्हणून तारा फळ्यांच्या सांध्यांतून, जुन्या नळांच्या वाटेने, दारांच्या चौकटींमागून नेतात. काही ठिकाणी तार नसलेली, रेडिओच्या लहरींवर बोलणारी यंत्रे बसवतात. (रेडिओचा असाही उपयोग होतो, हे आमच्या केंद्रातल्या मंडळींना ऐकून बरे वाटेल.) माझे मत विचाराल तर, दिसण्याचा आणि वाचण्याचा वाद आला तर डबी दिसली तरी चालेल. पण चांगला कारागीर मिळाला तर हा वाद सहसा येत नाही.

शाळेत वीज शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मला ती या सगळ्यात सर्वांत आवडते. घंटेची तार उंदराने कुरतडली किंवा सांध्यात गंजली, तर कळणार कसे? आग लागेपर्यंत कळणारच नाही, आणि मग फार उशीर झालेला असेल. यावर तोड अशी : तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक छोटासा विद्युतरोध जोडतात आणि मुख्य पेटीतून रात्रंदिवस अगदी थोडा प्रवाह त्यातून फिरत ठेवतात. शांतता असली तरी तार ‘मी आहे, मी आहे’ असे सांगत असते. प्रवाह ठरल्यापेक्षा वाढला तर आग, अजिबात तुटला तर तार बिघडली. पेटीवर वेगळा पिवळा दिवा लागतो आणि बारीक टिकटिक होते. वीज गेली तरी पेटीच्या पोटातल्या बॅटऱ्या काम चालू ठेवतात.

आगीवर आपोआप पाणी सोडणाऱ्या फवाऱ्यांत डोंगरावरची थंडी घोटाळा करते. नळात पाणी भरून ठेवले तर हिवाळ्यात माळ्यावर ते गोठते, आणि गोठलेले पाणी फुगते, त्याने नळ फुटतो. म्हणून थंड भागात नळ कोरडे ठेवून त्यांत दाबलेली हवा भरतात. फवाऱ्याच्या तोंडाशी काचेची एक बारीक कुपी बुचासारखी अडकवलेली असते, आत लाल द्रव. साधारण ६८ अंशांना तो फुगून कुपी फुटते, हवा सुटते, दाब उतरतो आणि मागून पाणी धावत येते. सिनेमात एका काडीने साऱ्या इमारतीत पाऊस पडताना दाखवतात, ते खोटे. जी कुपी तापते तीच फुटते.

आणि घंटेचा आवाज? तो नुसता मोठा असून भागत नाही. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे निजायच्या खोलीत उशीपाशी तो किमान ७५ डेसिबल भरावा लागतो, तोही दार बंद असताना. पूर्वी किरकिऱ्या, फार उंच पट्टीचा स्वर वापरीत. अनुभव असा आला, की लहान मुले, म्हातारी माणसे आणि ऐकायला कमी येणारे त्या स्वराने उठतच नाहीत. आता निजायच्या जागी सुमारे ५२० कंपनांचा खालचा स्वर असावा असे ठरले आहे. आपल्या पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर तार सप्तकातला षड्ज जवळजवळ तिथेच येतो. तीन ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा तीन ठोके.

इतके सगळे बसवले, तरी एक वैरी उरतो, आणि तो म्हणजे खोटी घंटा. चुलीचे धुराडे नीट ओढत नाही, मोरीतली वाफ बाहेर येते, कोळी डबीत जाळे करतो, आणि रात्री दोनला सव्वातीनशे खोल्यांतले पाहुणे पायजम्यावर बाहेर! दुसऱ्या दिवशी तक्रारी, पैसे परत. असे तीनदा झाले की व्यवस्थापकाच्या मनात येते, हिचा आवाज जरा बंद ठेवावा. ‘लांडगा आला रे’ ची गोष्ट आपण मुलांना सांगतो, त्यात मुलगा खोटे बोलत होता. इथे डबी खोटे बोलत नसते. तिला धूळ-वाफेतला फरक कळत नाही, एवढेच. तिला पुसायची, तपासायची, चुकीच्या जागी असेल तर हलवायची.

तुर्कस्तानात बोलू प्रांतात कार्तालकाया नावाचे, बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे ठिकाण आहे. तिथले हॉटेल ऐतिहासिक वगैरे नव्हते, पण डोंगरावरचे होते आणि बाहेरून लाकडाने मढवलेले होते. २१ जानेवारी २०२५ रोजी, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, तिथे आग लागली. शाळांना सुटी होती, आईबापांबरोबर मुले आली होती. बारा मजल्यांचे घर. वाचलेल्या माणसांनी सांगितले, की घंटा ऐकूच आली नाही. लोक आरडाओरडीने, धुराने घुसमटून जागे झाले. कित्येकांनी चादरी एकमेकींना बांधून खिडक्यांतून उतरायचा प्रयत्न केला. ७८ माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. पुढे खटला चालून मालकासह अनेकांना जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

याच्या जोडीला दुसरी रात्र ठेवतो. ऑरेगॉन राज्यात माउंट हूड नावाच्या बर्फाच्छादित पर्वतावर, सहा हजार फुटांच्या उंचीवर, टिंबरलाइन लॉज आहे. १९३० नंतरच्या मंदीत बेकारांना काम मिळावे म्हणून सरकारी योजनेतून ते बांधले. सुतार, लोहार, विणकर यांच्या हातचे काम त्यात जागोजाग दिसते. १९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे उद्घाटन केले. १८ एप्रिल २०२४ च्या रात्री तिथल्या माळ्याला आणि छपराला आग लागली. दिवाणखान्यातल्या चुलीचे निखारे धुराड्यावाटे वर उडाल्याने ती लागली असावी, असे सांगण्यात आले. पाहुणे आणि नोकर सगळे बाहेर पडले. कुणाला इजा झाली नाही. पाण्याने नुकसान झाले, छप्पर काही भागात जळाले, पण थोड्याच दिवसांत हॉटेल पुन्हा उघडले.

घंटा झाल्यावर पाहुण्याने काय करावे, हे अशा ठिकाणी खोलीच्या दारामागे नकाशा काढून लिहिलेले असते. सामान गोळा करायचे नाही. आधी दाराला हाताचा मागचा भाग लावून बघायचे, गरम लागले तर उघडायचे नाही. बाहेर पडल्यावर दार ओढून घ्यायचे, म्हणजे आग कोंडली जाते. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचे, कारण तिथली हवा त्यातल्या त्यात चांगली. आणि पाळणा, म्हणजे लिफ्ट, वापरायचा नाही.

मग बाहेर हजेरी. डोंगरावर हा भाग अवघड असतो. मैदानातल्या शहरात माणसे रस्त्यावर उभी राहू शकतात, इथे बाहेर गुडघाभर बर्फ आणि अंगावर निजायचे कपडे. बंब पायथ्याच्या गावातून घाट चढून येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढ्यात थंडीने कुणी आजारी पडू नये, म्हणून जमण्याची जागा आधीच ठरवलेली असावी लागते. शेजारची दुसरी इमारत, गाड्यांची पडवी, असे काही तरी डोक्यावर छप्पर असलेले. रात्रपाळीचा कारकून मुख्य टेबलावरून एकच वस्तू उचलून धावतो. पाहुण्यांच्या नावांची वही, किंवा आता यंत्रातून निघालेली यादी. त्या जागी उभा राहून तो खोलीच्या नंबरावारी नावे पुकारतो आणि ज्या नावाला ‘ओ’ येत नाही, ते नाव नि तो नंबर घाट चढून आलेल्या पहिल्या बंबवाल्याच्या हातात देतो.